राइट क्लिकला झूम, एस्केपला खेळ खलास: पायगेमचा प्रोग्रॅम पिगलेटवर नेताना

"अरे, मी पुसायला जातोय आणि चित्र मोठं होऊलालंय बघ. कायतरी केलास काय तू?"

बेळगावातल्या वडगावहून मामांचा फोन. आणि केलं होतंच मी. आदल्या रात्री त्यांच्या कॉम्प्युटरवर डिझाइनच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकून आलो होतो. मामांचे चार यंत्रमाग आहेत. साडीच्या काठाची, बुट्ट्यांची नक्षी ते पूर्वी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं भरायचे, आता पडद्यावर भरतात. डावं बटण दाबून घर भरायचं, उजवं दाबून पुसायचं, चाक फिरवून जवळ-लांब करायचं, एवढाच कारभार. प्रोग्रॅम मी पायगेममध्ये, म्हणजे खेळ लिहायच्या पायथनच्या लायब्ररीत, लिहिलेला, तीन वर्षं बिनबोभाट चालला. मग ४८० गुणिले ६०० घरांचा एक पदर आला, म्हणजे २,८८,००० घरं, आणि सगळी घरं प्रोसेसरकडून रंगवून घेता घेता माझा कोड धापा टाकायला लागला. म्हणून पिगलेट, तशीच दुसरी लायब्ररी. तिथं चित्र काढायचं ओझं ओपनजीएलमार्फत ग्राफिक्स कार्डावर जातं.

चित्राचा भाग दोन रविवारांत झाला. छळलं ते माउसनं आणि कीबोर्डनं. नंतर टिळकवाडीतल्या एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टात आणि खानापूरच्या एका मित्राच्या नकाशाच्या प्रोग्रॅमात जवळपास त्याच क्रमानं त्याच चुका बघितल्या. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. फंक्शनांची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये मूळ स्पेलिंगच लागेल.

खिडकी उघडते आणि गोठते

हे पटकन उरकतो. पायगेममध्ये लूप तुमच्या हातात असतो: व्हाइल ट्रू, आत इव्हेंटची, म्हणजे माउस-कीबोर्डवर घडलेल्या गोष्टींची, रांग मागवून घ्यायची, एकेक बघायचा, मग चित्र, मग पुढची फेरी. पिगलेटमध्ये लूप त्याचा स्वतःचा असतो. पिगलेट.ॲप.रन म्हटलं की तो फिरत राहतो आणि काही घडलं की तुमच्या फंक्शनला, म्हणजे हँडलरला, हाक मारतो. जुना व्हाइल ट्रू तसाच ठेवला तर रनची ओळ कधी येतच नाही, आणि खिडकी "प्रतिसाद देत नाही" म्हणून करडी पडते. लूपमधलं नेहमीचं काम अपडेट नावाच्या फंक्शनमध्ये टाका, ते क्लॉकच्या शेड्यूल_इंटरव्हलला १/६० सेकंदावर द्या आणि व्हाइल काढून टाका.

दुकानातलं मशीन जुनं असेल तर आणखी एक. पिगलेट २ ला ओपनजीएल ३.३ लागतं. ते नसेल तर १.५ ची मालिका वापरा. खाली जे इव्हेंट सांगतोय त्यांची नावं दोन्हीकडे तीच आहेत.

उजवं बटण म्हणजे ४

आता मामांचा फोन. अंदाज बांधत बसण्याऐवजी मी प्रत्येक हँडलरच्या पहिल्या ओळीत प्रिंट टाकला. त्यांना म्हटलं, मामा, एकाच घरावर आधी डावं दाबा, मग उजवं दाबा, आणि काळ्या खिडकीत काय येतं ते वाचून दाखवा.

दाबलं: बटण १, क्ष ३१२, य ८८
दाबलं: बटण ४, क्ष ३१२, य ८८

दुसरी ओळ ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला. पायगेममध्ये बटणांना सरळ क्रमांक आहेत: डावं १, मधलं २, उजवं ३. चाक वर फिरवलं की बटण ४ दाबल्यासारखं येतं, खाली फिरवलं की ५. पिगलेटमध्ये हे क्रमांक बिटांचे, म्हणजे दुपटीनं वाढणारे, आहेत: डावं १, मधलं २, उजवं ४. म्हणजे पायगेमचं "चाक वर" आणि पिगलेटचं "उजवं बटण" एकाच आकड्यावर येऊन बसतात. माझ्या जुन्या कोडात बटण ४ आलं की झूम वाढव असं लिहिलेलं होतं आणि ते मी जसंच्या तसं उचललं होतं. पायथननं तक्रार केली नाही, करणार तरी कशी? आकडा वैध, फांदी वैध, फक्त अर्थ दुसरा.

पोर्टिंगमधल्या ज्या चुका आरडाओरडा करतात त्यांची मला भीती वाटत नाही. उदाहरणार्थ, पायगेमच्या माउसमोशनमध्ये कोणती बटणं दाबलेली आहेत ते तीन जागांच्या टपलमध्ये मिळतं, पिगलेटमध्ये तेच एका पूर्णांकात बिट म्हणून येतं. तिथं जुनी सवय ठेवून पहिली जागा मागितली तर पायथन तिथल्या तिथं टाइपएरर देऊन मोकळा होतो. हा ४ मात्र गप्प राहून घात करतो.

उपाय म्हणजे कोडात कुठंही उघडा आकडा ठेवायचा नाही. माउस.लेफ्ट, माउस.राइट अशीच नावं वापरायची. चाकासाठी पिगलेटमध्ये ऑन_माउस_स्क्रोल वेगळं आहे आणि त्यात स्क्रोल_वाय धन आलं म्हणजे वर. ओढताना येणारी बटणं तपासायची तर बरोबरच्या दोन चिन्हांनी नाही, बिटांचं ॲंड (& चिन्ह) करून. दोन बटणं एकदम दाबलेली असली तर बेरीज ५ येते आणि ती १ शी जुळत नाही.

जे अजून पायगेममध्येच आहेत त्यांच्यासाठी: पायगेम २ मध्ये चाकाचा स्वतंत्र माउसव्हील इव्हेंट आला, पण जुने ४ आणि ५ देखील येत राहतात. दोन्ही हाताळलेत तर एका खटक्याला दोनदा झूम होतं. एकच ठेवा.

वर क्लिक, खाली ठिपका

पायगेममध्ये शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि य खाली वाढतो. पिगलेटमध्ये शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात, आणि शाळेतल्या आलेखासारखा य वर वाढतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सगळे फसतात, कारण चित्र उलटं आलेलं दिसतं म्हणून ते सुलटं करतात आणि माउस विसरतात. मग वरच्या काठावर क्लिक केलं की खालच्या काठात घर भरतं. पडद्याच्या मधोमध क्लिक केलं तर मात्र चूक दिसत नाही, कारण मध्य उलटा केला तरी मध्यच राहतो. मी चाचणी म्हणून मधलीच कोयरी भरून बघत होतो. मामांनी पहिलंच घर वरच्या डाव्या कोपऱ्यात भरलं, विणकर तिथूनच सुरुवात करतो ना!

उंचीतून य वजा करा आणि त्यातून आणखी १ वजा करा. तो १ विसरला तर एकेक पिक्सेलची चूक राहते. घर वीस पिक्सेलांचं असताना ती जाणवत नाही, पण पूर्ण लांब करून घर एका पिक्सेलवर आणलं की बरोबर शेजारच्या धाग्यावर जाऊन बसते. ओढताना मिळणाऱ्या डीवायचंही चिन्ह बदलायला हवं. स्क्रोल_वायचं मात्र बदलू नका, पायगेमच्या माउसव्हीलमध्येही वर म्हणजे धनच आहे. त्या विद्यार्थ्यानं उत्साहात दोन्ही उलटे केले होते.

टिंब उमटतं, रेघ उमटत नाही

पायगेममध्ये बटण दाबलेलं असो नसो, माउस हलला की माउसमोशन येतो. पिगलेटमध्ये बटण दाबून धरलं की ऑन_माउस_मोशन गप्प होतं आणि त्याऐवजी ऑन_माउस_ड्रॅग येतं. तेव्हा भरण्याचा कोड मोशनमध्ये ठेवला असेल तर पहिलं टिंब पडतं आणि पुढं काही नाही.

ड्रॅगमध्ये हलवलात तरी एक जुनं दुखणं उरतं: हात वेगानं फिरला की मधली घरं सुटतात. हे पायगेममध्येही होतं, फक्त तेव्हा माझं लक्ष नव्हतं. प्रत्येक इव्हेंटला एक घर भरू नका, मागच्या जागेपासून आताच्या जागेपर्यंतची सगळी भरा. पिगलेट डीएक्स-डीवाय देतंच, त्यामुळे मागची जागा वजाबाकीनं मिळते. मधली घरं शोधायला १९६५ साली प्रसिद्ध झालेली ब्रेझनहॅमची रीत आजही पुरते. आणि बटण धरून माउस खिडकीबाहेर गेला तरी ड्रॅग येतच राहतो, क्ष-य ऋणसुद्धा होतात. पायथनमध्ये यादीचा ऋण क्रमांक म्हणजे शेवटून मोजणी. डावीकडं बाहेर गेलं की उजव्या काठात घरं भरायला लागतात आणि माणूस चक्रावतो. सीमा तपासा.

एस्केप

यानं खरं नुकसान केलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये एस्केप म्हणजे निवड रद्द. मामांचा हात आपोआप तिकडं जातो. नव्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी दोन तास बसून पदराची वेल भरली, एक तुकडा चुकीचा निवडला गेला, एस्केप दाबलं, आणि खिडकीच बंद. सेव्ह केलेलं नव्हतं. फोन आला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला परवडतो.

पिगलेटच्या खिडकीत ऑन_की_प्रेसचा एक मूळ हँडलर असतो, तो एस्केपला खिडकी बंद करतो. तुम्ही खिडकीवर डेकोरेटर (फंक्शनच्या वरची @ ची ओळ) लावून स्वतःचं ऑन_की_प्रेस लिहिलंत तरी तो मूळ हँडलर जात नाही. आधी तुमचा चालतो, मग तो चालतो. थांबवायचं असेल तर तुमच्या फंक्शननं शेवटी इव्हेंट_हँडल्ड परत करायचं, म्हणजे ट्रू. विंडो क्लासचं पोटक्लास करून त्यात ऑन_की_प्रेस लिहिलं असेल तर मात्र मूळचा आपोआप झाकला जातो. म्हणून एकाचा कोड चालतो, दुसऱ्याचा नाही, आणि दोघंही "मी तर तसंच लिहिलंय" म्हणून भांडतात.

शिवाय ऑन_क्लोजमध्ये सेव्ह केलंय का ते विचारा. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

बाण धरून ठेवला तरी एकच घर सरकतं

पायगेममध्ये सेट_रिपीट लावलं की कीडाउन पुन्हा पुन्हा येतो. पिगलेटमध्ये ऑन_की_प्रेस एका दाबाला एकदाच येतं, धरून ठेवा नाहीतर खिळा ठोका. पुनरावृत्ती येते ती ऑन_टेक्स्ट आणि ऑन_टेक्स्ट_मोशनमध्ये. नाव टेक्स्टचं असलं तरी बाणांच्या कळा, होम, एंड, बॅकस्पेस हे सगळं ऑन_टेक्स्ट_मोशनमध्ये येतं. एक घर सरकवायचं तर ते वापरा, पण मग ऑन_की_प्रेसमधला बाणांचा भाग काढा. दोन्ही ठेवले तर पहिल्या दाबाला दोन घरं सरकतात.

चित्र सलग सरकवायचं असेल, म्हणजे बाण दाबलेला आहे तोवर, तर पिगलेट की_स्टेट_हँडलर देतं. ते पुश_हँडलर्सनं चढवतात. हँडलरांची एक चळत असते, पुश केलं की वर नवा थर चढतो, आणि डेकोरेटर सगळ्यात वरच्या थरात लिहितो. तेव्हा तुम्ही आधी की_स्टेट_हँडलर चढवला आणि खाली डेकोरेटर लावून ऑन_की_प्रेस लिहिलंत, तर त्याच थरातलं त्याचं ऑन_की_प्रेस पुसलं जातं. एरर नाही, काही नाही, फक्त कोणतीच कळ दाबलेली दिसत नाही. उलट, तो खालच्या थरात असेल आणि वरचा ट्रू परत करत असेल तरी त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. एका संध्याकाळी हे शोधता शोधता माझा चहा दोनदा गार झाला. शेवटी तो काढून टाकला आणि दाबलेल्या कळांचा स्वतःचा सेट ठेवला: दाबली की घाल, सोडली की काढ. ऑन_डिॲक्टिव्हेटमध्ये, म्हणजे खिडकीवरचं लक्ष गेलं की, सेट रिकामा करायचा. नाहीतर ऑल्ट-टॅब करताना कळ सोडल्याची बातमी हरवते आणि परत आल्यावर चित्र आपलं सरकतच राहतं.

कंट्रोल-झेडबद्दल: माझ्या लॅपटॉपवर चालायचं, मामांकडं नाही. त्यांच्या कीबोर्डावर नमलॉक कायम लागलेला असतो, हिशेबाचे आकडे मारायला. मॉडिफायरमध्ये, म्हणजे कंट्रोल-शिफ्टसारख्या जोडकळांच्या आकड्यात, नमलॉक आणि कॅप्सलॉकचेही बिट असतात, त्यामुळे "मॉडिफायर बरोबर कंट्रोल" ही तुलना खोटी ठरते. इथंही ॲंडच हवं. चूक पायगेमच्या काळातलीच, दुसऱ्या कीबोर्डावर गेली तेव्हा उघडी पडली.

कन्नड, मराठी आणि डिझाइनचं नाव

मामांकडं संध्याकाळी एक मुलगा डिझाइन भरायला येतो. तो फायलींना कन्नडमध्ये नाव देतो, मामा मराठीत, आणि मी आळशी म्हणून इंग्रजीत. इनस्क्रिप्ट लेआउटमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या ठरलेल्या कळ-मांडणीत, के च्या कळेवर मराठीचा क आहे आणि कन्नडचाही क तिथंच, त्यामुळे बोटांना तोशीस नाही. प्रोग्रॅमला मात्र आहे. पायगेममध्ये कीडाउनच्या युनिकोडवरून नाव गोळा करत होतो. तेव्हाही टेक्स्टइनपुट हेच बरोबर होतं, कारण एका दाबातून एकाहून जास्त कोडपॉइंट (युनिकोडमधले सुटे घटक) येऊ शकतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ७ दाबलं की क्ष येतो, आणि तो आपल्याला एक वाटला तरी आत क, हलन्त आणि ष असे तीन असतात.

पिगलेटमध्ये अक्षरं ऑन_टेक्स्टमध्ये घ्या. तिथं दोन काटे आहेत. एंटर दाबलं की ऑन_टेक्स्टमध्ये कॅरेज रिटर्न येतो. तो गाळला नाही तर फायलीच्या नावाच्या शेवटी न दिसणारं काहीतरी चिकटतं, आणि यादीत दिसणारी फाइल उघडत नाही. दुसरा काटा, बॅकस्पेस ऑन_टेक्स्टमध्ये येतच नाही, ते ऑन_टेक्स्ट_मोशनमध्ये मोशन_बॅकस्पेस म्हणून येतं. नाव लिहिता येतं, खोडता येत नाही, अशी तक्रार आली की तिथं बघा.

खोडताना एकेक कोडपॉइंट जातो. "बुट्टी" मधून तीन वेळा खोडलं की "बुट" उरतं, मधल्या पायरीवर "बुट्" असा लटकता हलन्त दिसतो. मी ते तसंच ठेवलंय. फोनवरही लोकांना तीच सवय आहे, आणि हलन्त चुकला तर तेवढाच खोडता येतो.

शॉर्टकटसाठी अक्षरांच्या कळांवर विसंबणं मी सोडलं. पायगेममध्ये की म्हणजे लेआउटप्रमाणे आलेली कळ आणि स्कॅनकोड म्हणजे कीबोर्डावरची जागा, असा भेद तरी हाताशी होता. पिगलेटचं सिम्बॉल वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या लेआउटमध्ये काय येतं यावर पैज लावण्यापेक्षा महत्त्वाची कामं मी एफ-कळांवर ठेवली आणि प्रत्येकाला पडद्यावर बटण दिलं. एफ२ ला मराठी-कन्नड कळत नाही.

दुभाषी

वरचं सगळं ठिगळं लावत दुरुस्त केलं तर पुढच्या वेळी पुन्हा हेच होणार. तिसऱ्यांदा हे बघितल्यावर मी एक वेगळी फाइल केली, तिचं नाव दुभाषी. आपल्या भागात या कामाला दुसरा शब्द कशाला शोधायचा? पिगलेट म्हणून जे काही आहे ते फक्त या फायलीला कळतं. उजवं बटण ४ आहे, य उलटा आहे, ड्रॅग वेगळा आहे, हे सगळं तिच्या पोटात. बाहेर ती आपल्याच शब्दांत सांगते: भर, पूस, जवळ, लांब, सरक, रद्द, अक्षर, खोड. नक्षीच्या कोडाला माउसला किती बटणं आहेत हेसुद्धा ठाऊक नाही. पायगेमसाठी तसाच दुसरा दुभाषी लिहिला तर तोच कोड जुन्या मशीनवरही चालतो, आणि मी तो लिहिलाही.

हँडलरमध्ये काम करायचं नाही, फक्त रांगेत एक कृती टाकायची. रांग म्हणजे पायथनचा साधा डेक (deque). अपडेट आलं की रांग रिकामी करत कामं उरकायची. असं केलं की पायगेमची जुनी शिस्त परत मिळते: फेरीत एकाच ठिकाणी सगळे इव्हेंट बघितले जातात.

याचा एक फायदा अनपेक्षित मिळाला. एन दाबलं की नाव लिहायची चौकट उघडायची, आणि उघडताच तिच्यात "एन" उमटलेला दिसायचा. कारण पिगलेट एकाच दाबासाठी आधी ऑन_की_प्रेस पाठवतं, मग ऑन_टेक्स्ट. पहिल्यानं चौकट उघडली, दुसऱ्यानं तिच्यात अक्षर टाकलं. रांगेमुळे पहिल्यानं फक्त "चौकट उघड" एवढी चिठ्ठी टाकली जाते, चौकट अजून बंदच असते. लगेच मागून येणारं ऑन_टेक्स्ट चौकट बंद आहे बघून अक्षर टाकून देतं. ही तपासणी रांगेत टाकतानाच करायची. रांग रिकामी करताना केलीत तर तोवर चौकट उघडलेली असते आणि एन पुन्हा आत शिरतो. मी आधी तिथंच केली होती.

नवा दुभाषी लिहिला की मी खिडकीचे चारही कोपरे डाव्या आणि उजव्या बटणानं दाबून बघतो, बटण धरून डावीकडून बाहेर जातो, नमलॉक लावून कंट्रोल-झेड मारतो, बाण धरून ऑल्ट-टॅब करतो, आणि कन्नड लेआउटमध्ये नाव लिहून एंटर. पाच मिनिटंही लागत नाहीत.

मामांकडं आता उजव्या बटणाला पुसलं जातं, पदरही पुरा झाला. एस्केप सुधारून सात महिने झाले, तरी निवड रद्द करायला ते पडद्यावरचं बटणच दाबतात. मागच्या आठवड्यात गेलो तर एस्केपच्या कळेवर चिकटपट्टीचा तुकडा लावलेला दिसला.

"काढू काय मामा हे?"

"असू दे की."

तसाच ठेवलाय.